तात्पुरत्या नावांची मुदत

पुण्याहून सोलापूर रस्त्याने पूर्वेकडे निघाले की हडपसर लागते. एकेकाळच्या शेतशिवारात आधी औद्योगिक वसाहत आली आणि पुढे मगर कुटुंबांनी आपल्या जमिनी एकत्र करून मगरपट्टा सिटी उभी केली. आज हजारो माणसे येथे संगणकासमोर बसून पोट भरतात. या गावाच्या इतिहासात औद्योगिक वसाहतीतल्या एका पत्त्याला वेगळे स्थान आहे : ५४-बी, हडपसर इंडस्ट्रियल इस्टेट. टाटा रिसर्च डेव्हलपमेंट अँड डिझाइन सेंटर, म्हणजेच टीआरडीडीसी, या संस्थेच्या शोधनिबंधांवर हा पत्ता अनेक वर्षे छापला गेला. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसचे फकीरचंद कोहली यांच्या पुढाकाराने १९८१ मध्ये ती पुण्यात स्थापन झाली. धातुशास्त्रज्ञ ई. सी. सुब्बाराव तिचे पहिले संचालक. तांदळाच्या तुसाच्या राखेवर चालणारे पाण्याचे गाळणयंत्र ही तिची लोकांना ठाऊक असलेली कामगिरी. मला मात्र या लेखात तिथल्या दुसऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या कामाकडे जायचे आहे : प्रोग्रॅम लिहिणारे प्रोग्रॅम आणि प्रोग्रॅम तपासणारे प्रोग्रॅम.

या कामाचा इतिहास मोठ्या शोधांच्या अंगाने पुष्कळदा सांगितला गेला आहे. मी तो एका क्षुल्लक वाटणाऱ्या चुकीच्या अंगाने सांगणार आहे. ही चूक क्रमांक देण्याची आहे. दोन वेगळ्या वस्तूंना एकच क्रमांक मिळतो आणि अचूक लिहिलेला प्रोग्रॅम चुकीचे उत्तर देऊ लागतो. चूक लहान असली तरी तिचे मूळ सत्तर वर्षे मागे, संगणकाच्या गरिबीच्या काळात आहे.

नाव नसलेल्या किमती

माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्रॅम म्हणजे कंपायलर. आपण लिहितो : व्याज म्हणजे मुद्दल गुणिले दर गुणिले मुदत भागिले शंभर. यंत्राला एका वेळी एकच क्रिया कळते. म्हणून कंपायलर आधी मुद्दल आणि दर यांचा गुणाकार करवतो आणि ते उत्तर कुठेतरी ठेवतो. मग त्याला मुदतीने गुणून तेही कुठेतरी ठेवतो. या ‘कुठेतरी’ला नाव लागते. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने ते दिलेले नसते, म्हणून कंपायलर स्वतः नावे पाडतो : त१, त२, त३. यांना तात्पुरते चल म्हणतात. काम झाले की त्यांची गरज संपते आणि प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला ते कधी दिसतही नाहीत.

अज्ञाताला नाव देण्याचा प्रश्न आपल्याकडे जुना आहे. ब्रह्मगुप्ताने सातव्या शतकात अनेक अज्ञात राशींसाठी रंगांची नावे वापरली. ११५० च्या सुमारास भास्कराचार्यांनी ‘बीजगणिता’त ती पद्धत विस्ताराने मांडली : पहिला अज्ञात यावत्तावत्, पुढचे कालक, नीलक, पीतक, लोहितक. रंगांऐवजी अक्षरेही घेता येतील असे सांगताना त्यांनी दिलेले कारण आपल्या कामाचे आहे. संकर होऊ नये, म्हणजे एका अज्ञाताची दुसऱ्यात सरमिसळ होऊ नये, यासाठी ही नावे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापल्याचा १२०७ चा शिलालेख चाळीसगावजवळ पाटणे येथे आहे. नावे वेगळी ठेवण्याची ही शिस्त महाराष्ट्राच्या भूमीत शिकवली जात होती, असे म्हणायला हरकत नाही.

बीजगणितात मात्र एक सोय आहे. कालक हा उदाहरण संपेपर्यंत कालकच राहतो. फळ्यावर जागा कमी आहे म्हणून मध्येच नीलकाचे नाव कालकाला कोणी देत नाही. संगणकाला ही चैन परवडली नाही.

काटकसरीचा नियम

जॉन बॅकस यांच्या गटाने आयबीएम ७०४ या यंत्रासाठी फोरट्रान भाषेचा कंपायलर १९५७ मध्ये दिला, तेव्हा यंत्राची स्मृती काही हजार शब्दांची होती. प्रत्येक मधल्या उत्तराला नवी जागा देणे म्हणजे उधळपट्टी. पुढच्याच वर्षी सोव्हिएत संशोधक आंद्रेई येर्शोव्ह यांनी अंकगणिती सूत्रांचे यांत्रिक रूपांतर करण्यावर निबंध लिहिला. एखादे सूत्र कमीत कमी किती तात्पुरत्या जागांत सोडवता येईल, याचे जे गणित आज पाठ्यपुस्तकांत शिकवतात त्यातल्या संख्येला त्यांचेच नाव आहे.

या काटकसरीतून एक सोपा नियम रूढ झाला. आहो, सेठी आणि उलमन यांच्या १९८६ च्या पाठ्यपुस्तकात तो नीट सांगितलेला आहे. एक गणक ठेवायचा. नवे तात्पुरते नाव लागले की गणकातला आकडा वापरायचा आणि गणक एकाने वाढवायचा. तात्पुरती किंमत वाचली गेली की गणक एकाने कमी करायचा. देवळाबाहेरच्या चप्पल-स्टँडवरच्या बिल्ल्यासारखेच हे. चपला परत नेल्या की बिल्ला खुंटीवर येतो आणि पुढच्या भक्ताला मिळतो.

अंकगणिती सूत्रांसाठी हा नियम बिनचूक आहे. कारण अशा सूत्रात मधले प्रत्येक उत्तर एकदाच निर्माण होते आणि एकदाच वाचले जाते. वाचले की संपले. नियमाची सारी भिस्त या ‘एकदाच’वर आहे. पण नियम पाठ होतात, त्यांच्या अटी मागे राहतात.

साच्याशी जुळवणे

१९८० मध्ये एडिनबरो येथे रॉड बर्स्टॉल, डेव्हिड मॅक्वीन आणि डोनाल्ड सॅनेला यांनी ‘होप’ नावाची भाषा मांडली. तिचे एक वैशिष्ट्य म्हणजे साचे. ‘आधी हे तपास, मग ते काढ’ अशा आज्ञा न लिहिता प्रोग्रॅम लिहिणारा वस्तूचा आकारच लिहून दाखवतो : वस्तू अशी दिसत असेल तर हे कर, तशी दिसत असेल तर ते. पहिला साचा जुळला नाही की दुसरा, दुसरा नाही तर तिसरा. गणिती सूत्रे, भाषेतली वाक्ये, कर भरण्याचे नियम, जिथे जिथे प्रकार आणि पोटप्रकार असतात तिथे ही लेखनपद्धती फार सुटसुटीत ठरते. पुढे एमएल, मिरांडा, हॅस्केल या भाषांनी ती उचलली. बराच काळ ती विद्यापीठांतच राहिली. पण २०२१ मध्ये पायथनच्या ३.१० या आवृत्तीत ती आली आणि २०२३ मध्ये जावाच्या एकविसाव्या आवृत्तीत तिचे रूप पक्के झाले. म्हणजे हडपसरच्या कोणत्याही कार्यालयात आज ज्या भाषा चालतात, त्यांत ती आहे.

हे साचे यंत्राच्या आज्ञांत कसे उतरवायचे, यावर स्वीडनचे लेनार्ट ऑगस्टसन यांनी १९८५ मध्ये पायाभूत निबंध लिहिला. वस्तू उघडून तिचे भाग तपासायचे म्हणजे ते भाग कुठेतरी ठेवायला हवेत. येथे तात्पुरते चल पुन्हा येतात. पण एक मोठा फरक पडतो. साचा अर्ध्यावर फसू शकतो. फसला की मागे येऊन पुढचा साचा तपासायचा, आणि त्या साच्याला तेच भाग पुन्हा हवे असतात. ‘एकदाच वाचले जाते’ ही अट येथे मोडते.

सात अधिक पाच गुणिले तीन

ही चूक डोळ्यांसमोर आणण्यासाठी मी एक छोटे उदाहरण रचतो. सूत्रे सोडवणाऱ्या प्रोग्रॅमला दोन नियम दिले आहेत. पहिला नियम : बेरीज असेल, तिची डावी बाजू ‘ब’ असेल आणि उजवी बाजू शून्याने गुणलेला गुणाकार असेल, तर उत्तर थेट ब. दुसरा नियम : कोणतीही बेरीज असेल, तर दोन्ही बाजू सोडवून मिळवा.

कंपायलर बेरीज उघडतो. डावी बाजू त१ मध्ये, उजवी त२ मध्ये. पहिल्या नियमाप्रमाणे त१ वाचून ती किंमत ब या नावाने ठेवतो. मग त२ वाचून उजवी बाजू गुणाकार आहे का हे पाहतो. असेल, तर तो गुणाकार उघडायचा आहे. त्याच्या दोन भागांसाठी दोन नावे हवीत. काटकसरीच्या नियमाने त१ आणि त२ दोन्ही वाचून झाले आहेत, गणक मूळ जागी आला आहे. म्हणून गुणाकाराच्या भागांनाही त१ आणि त२ हीच नावे मिळतात.

आता तीन सूत्रे देऊन पाहू. पहिले, ७ + ४. उजवी बाजू गुणाकारच नाही, आतले उघडणे होतच नाही. दुसऱ्या नियमाने ११ मिळतात. बरोबर. दुसरे, ७ + ५ × ०. आतला गुणाकार उघडला, शून्य सापडले, पहिला नियम लागला. उत्तर ब, म्हणजे ७. हेही बरोबर. तिसरे, ७ + ५ × ३. गुणाकार उघडला, त१ मध्ये ५ आणि त२ मध्ये ३ आले. ३ म्हणजे शून्य नव्हे, म्हणून पहिला नियम फसला. दुसऱ्या नियमाकडे आलो. तो म्हणतो, त१ ही डावी बाजू आणि त२ ही उजवी. पण ७ आणि ५ × ३ तिथे राहिलेलेच नाहीत. तिथे ५ आणि ३ आहेत. उत्तर येते ८. यायला हवे होते २२.

या चुकीचा स्वभाव पाहण्यासारखा आहे. साचा पहिल्या पायरीवर फसला तर ती दिसत नाही, पूर्ण जुळला तरी दिसत नाही. अर्धा जुळून मग फसला तरच ती बाहेर येते. नियम तपासणारा माणूस साधारणपणे दोनच गोष्टी करून पाहतो : जुळते ते देऊन पाहतो आणि अजिबात न जुळणारे देऊन पाहतो. जवळजवळ जुळणारे देऊन पाहण्याचे सुचायला थोडा संशयी स्वभाव लागतो.

आणि चूक सापडली तरी दोष कोणाचा हे कळणे अवघड. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचे दोन्ही नियम अचूक आहेत. तो ते पुन:पुन्हा वाचतो. त्यात त१ नाही, त२ नाही. ही नावे ज्याने पाडली तो कंपायलर त्याच्या दृष्टीने यंत्राचाच भाग. आपल्या हिशेबात आठ रुपये आले तर आपण आपली बेरीज तपासतो, अंकांवर संशय घेत नाही.

गावाचे नाव आणि सर्व्हे नंबर

सरमिसळ टाळण्याचे मार्ग अनेक आहेत आणि प्रत्येकाचा स्वतंत्र इतिहास आहे. सगळ्यांत सरळ मार्ग म्हणजे नाव कधीच परत वापरायचे नाही. गणक फक्त वाढत न्यायचा. लिस्प भाषेतली नवे नाव पाडण्याची सोय याच तत्त्वावर चालते. दुसरा मार्ग पुणे जिल्ह्याला कंपायलरच्या शंभरावर वर्षे आधीपासून परिचित आहे. १८३५ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यापासून जी जमीनमोजणी सुरू केली, तिच्यात प्रत्येक शेताला क्रमांक मिळाला. हा सर्व्हे नंबर गावागणिक एकपासून सुरू होतो. बारा नंबर हडपसरलाही असतो आणि शेजारच्या मुंढव्यालाही. तरी घोटाळा होत नाही, कारण नंबर कधी एकटा लिहीत नाहीत, गावाच्या नावासह लिहितात. शेत भावांत वाटले गेले तर बाराचा एक, बाराचा दोन असे हिस्से पडतात. पोटात जाणारा क्रमांक बापाचा क्रमांक बरोबर घेऊन जातो. आपल्या उदाहरणात आतल्या गुणाकाराच्या भागांना त२/१ आणि त२/२ म्हटले असते, तर ७ आणि ५ × ३ जागच्या जागी राहिले असते.

तिसरा मार्ग नावेच टाळण्याचा. डच गणिती निकोलास दे ब्राउन यांनी १९७२ मध्ये चलांना नावांऐवजी ‘बांधलेल्या जागेपासून किती पायऱ्या आत’ हा आकडा देण्याची रीत मांडली. आणि येथे पुण्याचा धागा पुन्हा हाती येतो. आयआयटी कानपूरमध्ये अध्यापन केलेले आणि पुढे टीआरडीडीसीत आलेले केशव नोरी हे १९७० च्या दशकात झुरिकमध्ये निकलाउस विर्थ यांच्या परिसरात सिद्ध झालेल्या ‘पास्कल-पी’ कंपायलरच्या कर्त्यांपैकी एक. पास्कल भाषा जगभर वेगवेगळ्या यंत्रांवर पोहोचली ती मुख्यतः या कंपायलरच्या आधारे. तो ज्या काल्पनिक यंत्रासाठी आज्ञा तयार करतो, त्यात मधली उत्तरे एकावर एक रचली जातात, जशा ताटांच्या चळती. वरचे ताट आधी निघते. तिथे तात्पुरत्या नावांची गरजच नाही. पण काम मध्येच सोडून मागे यायचे असेल, तर चळत आधी होती तेवढ्याच उंचीवर आणावी लागते. ते विसरले तर हीच चूक वेगळ्या वेषात येते. नाव काढून टाकले तरी ‘ही जागा केव्हापर्यंत कोणाची’ हा प्रश्न शिल्लक राहतोच.

याच प्रश्नाचे नेमके उत्तर १९८१ मध्ये आयबीएमच्या ग्रेगरी चेटिन आणि सहकाऱ्यांनी व्यवहारात उतरवले. त्यांची कल्पना नकाशा रंगवण्याची आहे. ज्या दोन किमती एकाच वेळी हव्या असतात त्या शेजारी समजायच्या, आणि शेजाऱ्यांना एक रंग द्यायचा नाही. जेवढे रंग तेवढ्या जागा पुरतात. भास्कराचार्यांचे कालक-नीलक मला येथे नव्या अर्थाने दिसतात. रंग परत वापरायला हरकत नाही, पण आधीच्या मालकाला तो कोणत्याही वाटेवर पुन्हा लागणार नाही अशी खात्री हवी. साचा फसून मागे येण्याची वाटही त्यात धरायला हवी. काटकसरीच्या जुन्या नियमात हीच वाट मोजलेली नव्हती.

हडपसरचे तपासनीस

कोणती किंमत कोणत्या वाटेवर कुठपर्यंत लागते, हे प्रोग्रॅम न चालवता ठरवण्याच्या शास्त्रात मराठी संशोधकांचा वाटा ठळक आहे. आयआयटी मुंबईचे धनंजय धामधेरे यांनी तेच गणित पुन:पुन्हा न करता त्याचे उत्तर नेमके कुठे साठवावे, या प्रश्नावर आयुष्यभर काम केले. १९९३ मध्ये उदय खेडकर यांच्यासह त्यांनी, माहिती दोन्ही दिशांनी वाहते तेव्हा अशा विश्लेषणाला किती कष्ट पडतात, याचा हिशेब मांडला. त्याआधी वर्षभर बॅरी रोझेन आणि केनेथ झॅडेक यांच्याबरोबरचा त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला होता. हे दोघे ज्या पाच जणांच्या गटात होते, त्याने १९८९ ते १९९१ या काळात आज सर्वत्र वापरली जाणारी रीत मांडली : चलाला प्रत्येक वेळी नवी किंमत मिळाली की त्याला नवा क्रमांक द्यायचा. क्ष१, क्ष२, क्ष३. एका क्रमांकाला आयुष्यात एकच किंमत. काटकसरीच्या गणकाच्या हे अगदी उलट आहे. आधी मोकळ्या हाताने नावे द्यायची, बारकाईने तपासायची आणि जागेची काटकसर शेवटी, रंग भरताना करायची.

टीआरडीडीसीच्या कामाला या शिस्तीची गरज दोन बाजूंनी पडली. एक बाजू प्रोग्रॅम लिहिणाऱ्या प्रोग्रॅमची. बँक किंवा विमा कंपनीच्या व्यवहारांचा आराखडा द्यायचा आणि त्यावरून हजारो ओळींचा प्रोग्रॅम यंत्राने लिहायचा, या पद्धतीवर विनय कुलकर्णी आणि श्रीधर रेड्डी यांचा लेख २००३ मध्ये ‘आयईईई सॉफ्टवेअर’मध्ये आला. माणसाने नाव चुकवले तर एका ठिकाणी चुकते. लिहिणाऱ्या यंत्राने चुकवले तर ते लिहील तितक्या सगळ्या ठिकाणी चुकते. दुसरी बाजू तपासनिसाची. प्रोग्रॅम कधीच चुकीच्या स्थितीत जाणार नाही, हे सिद्ध करणारे ‘व्हेरिअॅब्स’ हे साधन येथल्या संशोधकांनी घडवले. प्रोग्रॅम-पडताळणीच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत २०२० मध्ये ते एका प्रमुख गटात पहिले आले. ते ज्या मागच्या साधनाचा आधार घेते, ते प्रोग्रॅमचे तर्कशास्त्रातल्या सूत्रात रूपांतर करताना प्रत्येक चलाला असेच क्रमांक देते. म्हणजे पडताळणीचा पायाही क्रमांक बरोबर पडण्यावर उभा आहे. तिथे दोन किमतींचा एक क्रमांक झाला, तर सदोष प्रोग्रॅमला निर्दोष असल्याचा दाखला मिळेल.

या सगळ्यातून मी एक निष्कर्ष काढतो. सत्तर वर्षांपूर्वी स्मृती महाग होती, तेव्हा नाव परत वापरणे हा शहाणपणा होता आणि ज्यांनी तो नियम केला त्यांना त्याची अट ठाऊक होती. स्मृती स्वस्त झाली, भाषा बदलल्या, मागे फिरण्याच्या वाटा वाढल्या. नियम मात्र सवयीने चालत राहिला. अशा चुका दुष्टपणातून होत नाहीत, अज्ञानातूनही फारशा होत नाहीत. एकेकाळी बरोबर असलेली गोष्ट तिची अट गळून पडल्यावरही चालू ठेवल्याने त्या होतात. म्हणून कंपायलर शिकवताना त१, त२ कसे पाडायचे एवढेच सांगून भागणार नाही. प्रत्येक क्रमांकाबरोबर त्याची मुदतही शिकवायला हवी : हा क्रमांक कोणाचा, कोणत्या शिवारातला आणि कोणती वाट संपेपर्यंत.